परदेशातल्या मॅचच्या वेळा आपल्या घड्याळात बिनचूक कशा काढता? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझे वडील सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. फुटबॉल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तरुणपणी कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळलेले.
गेल्या हंगामात दोनदा फजिती झाली. चॅम्पियन्स लीगच्या मॅचची वेळ ॲपवर ‘बुधवार, रात्री १२:३०’ अशी होती. वडील बुधवारी दुपारी झोप काढून, थर्मासमध्ये चहा भरून रात्री टीव्हीसमोर बसले. मॅच चोवीस तास आधीच होऊन गेली होती. पुढे नोव्हेंबरात तारीख बरोबर लिहिली, तर मॅच १२:३० ऐवजी १:३० ला सुरू झाली. तासभर ते तसेच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.
आता २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे. एकही मॅच चुकवायची नाही असं त्यांनी ठरवलंय. खात्रीची पद्धत सांगा.

पहाटेचा गजर:
पहिल्या वेळी वडिलांचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या बोलण्यात बुधवारची रात्र गुरुवार उजाडेपर्यंत चालते, पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. ॲपचा वार मात्र मध्यरात्री बदलतो. म्हणून ‘बुधवार रात्री १२:३०’ असं कधीच लिहू नका, ‘मंगळवारी जेवण झाल्यावर जागायचं’ असं लिहा. आमच्याकडे मॅचची नोंद कालनिर्णयावर आदल्या दिवसाच्या चौकोनात करतात, कारण जागायची तयारी त्या दिवशी करायची असते.
फायनलचंच बघा. न्यू जर्सीत १९ जुलै, रविवार, दुपारी ३. आपल्याकडे २० जुलै, सोमवार, रात्रीचे १२:३०. नोंद रविवारच्या चौकोनात. सलामीची मॅच मेक्सिको सिटीत ११ जूनला दुपारी १ वाजता, म्हणजे आपली गुरुवारची रात्र, तीही १२:३०.

रात्रपाळी:
नोव्हेंबरातला तास कुठे गेला ते सांगतो. आपलं घड्याळ वर्षभर एकच, त्यांचं वर्षातून दोनदा सरकतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. मॅच त्यांच्या रात्री ९ लाच असते, पण आपल्याला ती उन्हाळ्यात १२:३० ला आणि हिवाळ्यात १:३० ला दिसते. इंग्लंडची शनिवारी दुपारी ३ ची मॅचही अशीच संध्याकाळी ७:३० वरून ८:३० वर जाते. अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. म्हणून वर्षातून दोनदा सगळ्या नोंदी पुन्हा तपासायच्या, दुसरा इलाज नाही.
विश्वचषकासाठी देश बघू नका, शहर बघा. जून-जुलैत न्यू जर्सीच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, डॅलसच्या वेळेत साडेदहा, लॉस एंजेलिसच्या वेळेत साडेबारा. मेक्सिकोने बहुतेक भागात हा घड्याळबदल २०२२ मध्ये बंद केला, त्यामुळे मेक्सिको सिटीला साडेअकरा. लॉस एंजेलिसचं तर तोंडी जमतं: अर्धा तास मिळवा आणि सकाळची संध्याकाळ करा. तिथे संध्याकाळचे ६, तर इथे दुसऱ्या दिवशी सकाळचे ६:३०.

गल्ली क्रिकेट:
शहराचा मुद्दा अगदी खरा. ऑस्ट्रेलियातली २०२४-२५ ची बॉर्डर-गावसकर मालिका आठवा. पर्थची टेस्ट आपल्याकडे ७:५० ला सुरू, ब्रिस्बेनची ५:५०, मेलबर्न-सिडनीची पहाटे ५, आणि ॲडलेडची गुलाबी चेंडूची दिवस-रात्र टेस्ट थेट ९:३० ला. देश एक, मालिका एक, पण गजर प्रत्येक वेळी वेगळा. ब्रिस्बेन आणि सिडनी दोन्ही पूर्व किनाऱ्यावर, तरी तिथल्या उन्हाळ्यात त्यांच्यात तासाचा फरक पडतो, कारण ब्रिस्बेनचं राज्य क्वीन्सलंड घड्याळ पुढे करत नाही.

जर्सीतली मावशी:
मी न्यू जर्सीतून लिहितेय. मला हा हिशेब उलटा करावा लागतो. भारतात सकाळी ९:३० ला टेस्ट सुरू झाली, तर माझ्याकडे उन्हाळ्यात मध्यरात्रीचे १२ आणि हिवाळ्यात आदल्या रात्रीचे ११.
दोन गोष्टी सांगते. इथली माणसं जुलैतसुद्धा सवयीने ‘ईएसटी’ (इथली हिवाळी वेळ) लिहितात, खरी वेळ ‘ईडीटी’ (उन्हाळी वेळ) असते. अक्षरांवर गेलात तर तास चुकलाच. आपल्या भारतीय वेळेच्या ‘आयएसटी’वरही डोळे झाकून विश्वास नको, आयर्लंडची उन्हाळी वेळही तेच तीन अक्षरी नाव लावते.
दुसरं म्हणजे बेरीज-वजाबाकी स्वतः करूच नका. फोनच्या कॅलेंडरमध्ये नवी नोंद करताना टाइम झोन निवडता येतो. तिथे स्टेडियमचं शहर निवडा, त्या शहरातली वेळ आणि तारीख जशीच्या तशी भरा. बाबांच्या फोनवर ती आपोआप भारतीय वेळेत दिसेल, घड्याळबदलही धरला जाईल. वर अर्धा तास आधीचा गजर लावा.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार! मावशी, तुम्ही सांगितलं तसं सलामीची मॅच आणि फायनल भरून बघितली. दोन्ही १२:३०, गजरवाल्यांच्या हिशेबाशी तंतोतंत जुळली. बाकीच्या मॅच आज रात्री भरतो.
वडिलांना फोनचं दाखवलं, पण त्यांना भिंतीवरच हवंय. महिन्याचं पान उलटून ११ जूनच्या चौकोनात त्यांनी स्वतः लाल पेनाने लिहिलं: ‘गुरुवार. जेवण लवकर. दुपारी झोप.’

पहाटेचा गजर:
शुक्रवारी सकाळी त्यांना लवकर उठवू नका!