आरोग्यक्षेत्रातील स्त्रियांवरचे सहा फलक: कोणाची नावे घ्यावीत?

वाचनालयाचा चिटणीस, राजापूर तालुका

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयात दर वर्षी ८ मार्चला एखाद्या क्षेत्रातील स्त्रियांच्या कार्याची ओळख करून देणारे फलक लावले जातात. यंदा आरोग्यसेवा आणि वैद्यकीय संशोधन हा विषय ठरला आहे. भिंत लहान असून दोन खिडक्यांमधली जागा आणि वर्तमानपत्रांच्या मेजामागची बाजू धरली, तरी सहांहून अधिक फलक मावत नाहीत. मजकूर लिहिण्याचे काम हायस्कुलातील नववीच्या मुलींकडे आहे आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत मला अडचणीत टाकले.

मी सवयीने आनंदीबाई जोशी यांचे नाव आधी घेतले. जन्म कल्याणचा, गोपाळरावांच्या टपालखात्यातील बदलीमुळे काही काळ मुक्काम अलिबागला, म्हणजे कोकणाशी नातेही आहे. त्यावर एक मुलगी म्हणाली, "काका, त्या डॉक्टर झाल्या हे आम्हांला पाचवीपासून ठाऊक आहे. पण त्यांनी किती रोगी बरे केले?" मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन तारखा पुन्हा पडताळल्या. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे पद त्यांच्यासाठी ठरलेले होते. परंतु क्षयाने पोखरलेल्या स्थितीत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. ते काम त्यांच्या हातून कधी सुरूच झाले नाही. दुसऱ्या दिवशी हे मुलींना सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, फलकावर हेच लिहू या.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की "पहिल्या महिला अमुक" असे म्हणून छायाचित्र चिकटवण्यापेक्षा त्या बाईने नेमके काय केले, हे चार ओळींत सांगता आले पाहिजे. या कसोटीला उतरतील अशी नावे, शक्यतो कोकणाशी संबंध असलेली, जाणकारांनी सुचवावीत.

आणखी एक पेच आहे. आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्यावर एक फलक असावा असे मी सुचवले, तेव्हा समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी त्याला हरकत घेतली. "त्या रोज आपल्या दारात येतात, त्यांचे फलक कसले लावायचे?" असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

निवृत्त विज्ञानशिक्षक, महाड

आपली कसोटी योग्य आहे. ती लावल्यास आमच्या महाडातच एक नाव सापडते, ते म्हणजे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे.

विंचूदंशावरील संशोधनासाठी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, २०२२ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली, आणि ते सारे यथायोग्यच आहे. परंतु मूळ लेख उघडून लेखकांच्या नावांची ओळ वाचावी. १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्राझोसिन या औषधाविषयी जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यावर एच. एस. बावस्कर आणि पी. एच. बावस्कर अशी दोन नावे आहेत. त्यातील 'पी.' म्हणजे प्रमोदिनी. विंचवावरचे आणि सर्पदंशावरचे त्यानंतरचे अनेक लेखही याच दोन नावांनी निघाले. आम्ही शिक्षक मंडळी इतकी वर्षे वर्गात ही कथा सांगत आलो, पण दुसरे नाव आमच्यापैकी क्वचितच कोणी उच्चारले असेल. त्यात मीही आलो.

काम काय, हे मुलींना समजेल अशा रीतीने सांगतो. कोकणातला लाल विंचू चावला की त्याच्या विषामुळे शरीरातील भीतीच्या वेळी सुटणारी रसायने एकदम मोठ्या प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो. थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलता येईनासे झाले की फुप्फुसांत पाणी साठते आणि रोग्याच्या तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. माझ्या लहानपणी, कौले चाळताना किंवा लाकडाची मोळी सोडताना चावलेली मुले मांत्रिकाकडे नेत आणि सकाळपर्यंत जगली तर ते मंत्राचे यश मानीत. प्राझोसिन ही तेव्हा रक्तदाबावर दिली जाणारी गोळी होती. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे विषाने जे घडवले त्याच्या नेमके उलट करते. ग्रामीण दवाखान्यात, यंत्रसामग्रीविना, तोंडावाटे देता येईल असा हा उपाय होता.

त्यावरही ते दोघे थांबले नाहीत. हाफकिन संस्थेची विंचूदंशावरील लस, म्हणजे प्रतिविष, सोबत दिल्याने फरक पडतो का, हे त्यांनी महाडातच ७० रोग्यांवर तपासले. नुसत्या प्राझोसिनवर ठेवलेल्या रोग्यांना बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले, तर दोन्ही औषधे मिळालेल्यांना ८ तास. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तालुक्याच्या गावातील खासगी दवाखान्यात रात्री-अपरात्री येणारे रोगी पाहत, त्यांच्या नाडीची आणि रक्तदाबाची तासातासाची नोंद ठेवत उभे राहिलेले हे संशोधन आहे. फलकावर त्या लेखाच्या पहिल्या पानाची मोठी प्रत लावा आणि दुसऱ्या नावाखाली लाल रेघ मारा, असे मी सुचवीन.

निवृत्त आरोग्यसेविका, दोडामार्ग

चिटणीससाहेबांस नमस्कार. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना राग येणार नसेल तर थोडे लिहिते.

डोंगरी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र असा शासनाचा निकष आहे. कागदावर तो आकडा लहान दिसतो. पण आमच्याकडे तीन हजार माणसे पंधरा वाड्यांत विखुरलेली असतात आणि दोन वाड्यांच्या मधे कधी साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल असतो, कधी नुसती पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, कधी तीही नसते. लसीकरणाच्या दिवशी खांद्याला लसीची पेटी अडकवून निघायचे. तिच्यात चार आईसपॅक असतात. फ्रीजरमधून काढल्याबरोबर ते पेटीत ठेवायचे नसतात. ते बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू द्यायचा आणि कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला तरच पेटी भरायची. नाहीतर लस गोठते. पोलिओची लस गोठण्याने बिघडत नाही, पण त्रिगुणीची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) बिघडते, आणि बिघडलेली लस टोचली तर बाळाला सहसा काही होत नाही, मात्र संरक्षणही मिळत नाही. म्हणजे चूक कोणाला कधी कळतही नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी, श्रावणात, घाईघाईत मी ते आईसपॅक तसेच भरले. दोन साकव ओलांडून वाडीत पोहोचले. पडवीत अकरा बायका मुले मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिली कुपी काढली तर आत बर्फाची साय. सगळ्या त्रिगुणीच्या कुप्या बाजूला काढल्या आणि बायकांना खरे काय ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, उठून गेल्या, आणि ते न बोलणेच मला फार लागले. दुसऱ्या दिवशी नवी लस घेऊन पुन्हा गेले. तेव्हा आशा नव्हत्या, अंगणवाडीच्या ताई होत्या. त्यांनी रात्री विजेरी घेऊन अकराही घरे पालथी घातली होती, म्हणून अकराही जणी परत आल्या. रोज दारात येणाऱ्या बाईच्या शब्दाखातर त्या आल्या. दारात न येणाऱ्या कोणासाठी त्या आल्या नसत्या. आपल्या सदस्यांच्या प्रश्नाला माझे एवढेच उत्तर आहे.

२०१६ साली आमच्या तालुक्यात माकडताप आला, तेव्हाही हेच दिसले. हा रोग गोचिडींमुळे होतो. जंगलात माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पसरतात, आणि त्याच दिवसांत लोक काजू गोळा करायला बागांत उतरलेले असतात. मेलेले माकड कुठे दिसले याची बातमी सर्वांत आधी आशाताईंकडे येई. बागेत जाण्याआधी हातापायांना तेल चोळा, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे वेगळे ठेवा, ताप आला तर अंगावर काढू नका, हे घरोघरी सांगणे त्यांचेच काम होते. लस एकदा टोचून भागत नसे. महिन्याने दुसरी आणि पुढे पुन्हा घ्यावी लागे, आणि काजूचा हंगाम सोडून रांगेत उभे राहायला माणूस सहज तयार होत नाही. या बायकांना पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. २००५ साली आशांची योजना सुरू झाली आणि २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. ती बातमी आमच्या आशाताईंनी लेप्टोच्या, म्हणजे पावसाळ्यात शेतातल्या चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्यांची यादी करता करता ऐकली. भातलावणीच्या आधी ती यादी तयार लागते.

संशोधन-साहाय्यक, मुंबई (मूळ गाव गुहागर)

सिस्टरांचे लिहिणे वाचून मला एक फलक डोळ्यांसमोर दिसू लागला आहे. माकडतापाच्या संशयितांचे रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासले गेले. तेथे जैवसुरक्षेच्या सर्वोच्च, म्हणजे चौथ्या स्तराची प्रयोगशाळा आहे. डॉ. प्रज्ञा यादव या तेव्हा त्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होत्या, आणि सिंधुदुर्गातील २०१६ च्या उद्रेकावरील शोधलेखाच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे. तेव्हा काजूच्या बागेतून निघालेल्या एका रक्ताच्या नळीचा प्रवास दाखवावा: आशाताईने ताप हेरला, आरोग्य केंद्रात रक्त घेतले, बर्फातून ते पुण्याला गेले, आणि हवाबंद पोशाख घातलेल्या संशोधकांनी विषाणू ओळखला. आशाताई आणि शास्त्रज्ञ एकाच फलकावर आल्या की आपल्या सदस्यांची हरकतही बहुधा उरणार नाही.

जुन्या पिढीतून मी कमला सोहोनी यांचे नाव घेईन. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट धरला, अटी पत्करून प्रवेश मिळवला, आणि पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कोकणच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे काम मात्र नीरेवरचे आहे. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेतील पोषकद्रव्ये तपासली आणि कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होतो, हे दाखवून दिले. माडाखाली वाढलेल्या मुलींना हा फलक निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

डॉ. कमल रणदिवे यांच्यावर मी पानेच्या पाने लिहीन, कारण आम्ही आजही वापरतो त्या पद्धतीचा पाया त्यांनी इथे घातला. पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जगवायच्या आणि वाढवायच्या, या तंत्राची प्रयोगशाळा त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात उभी केली. वडिलांची इच्छा त्यांनी वैद्यकाकडे जावे अशी होती, त्या जीवशास्त्राकडे वळल्या. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर काम करताना आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्या शोधत होत्या. १९७३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. तिचे कार्यालय वाशीला आहे. पेशी वाढवणे म्हणजे काय, हे मुलींना सांगायचे तर विरजणाचे उदाहरण द्यावे. भांडे, ऊब आणि स्वच्छता यांत जरा चूक झाली की सगळे नासते. माझेही कैक वेळा नासले आहे.

डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातील डॉ. सुवर्णा पाटील यांचेही नाव टिपून ठेवावे. आजची किशोरवयीन मुलगी उद्याची आई होणार, तेव्हा तिच्या कृशतेचा पुढच्या पिढीच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा दीर्घकालीन अभ्यास रत्नागिरी जिल्ह्यातील मुलींना सोबत घेऊन तेथे चालू आहे. त्यात सहभागी झालेल्या मुली सोळा ते अठरा वर्षांच्या होत्या. आपल्या नववीच्या मुलींहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या.

देवगडकर

वरील सर्व मान्य. फक्त डॉ. इंदिरा हिंदुजा यांना वगळू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांच्या देखरेखीखाली परीक्षानळीतून गर्भधारणा झालेली मुलगी जन्मली. कोकणातल्या दर दोन घरांआड एक माणूस केईएमच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपलेले असते. मूल नाही म्हणून सुनेला माहेरी धाडणारी घरेही याच कोकणात होती. त्या फलकापुढे बायका जास्त वेळ उभ्या राहतील, असा माझा अंदाज आहे.

वाचनालयाचा चिटणीस, राजापूर तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मुलींसमोर हे सर्व वाचून दाखवले. आनंदीबाई, नीरा, महाडचा लेख, रक्ताच्या नळीचा प्रवास आणि कमल रणदिवे असे पाच फलक एकमताने ठरले. सहाव्या जागेसाठी हिंदुजा आणि डेरवण यांच्यात मुलींचे दोन तट पडले आहेत. मी त्यात पडलेलो नाही.

आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी सिस्टरांचे पत्र छापून मागितले, दोनदा वाचले आणि एवढेच विचारले की अशी लसीची पेटी जुनी, वापरातून काढलेली, कोठे मिळेल का. फलकांखालच्या बाकावर ती ठेवावी असे त्यांच्या मनात आहे. सिस्टर, आपल्याकडे असल्यास कृपया कळवावे, एस. टी. च्या पार्सलाने आणवून घेऊ. वाचनालयात फ्रीज नाही, परंतु समोरच्या शीतपेयांच्या दुकानदाराने चार आईसपॅक रात्रभर आपल्या फ्रीजरमध्ये ठेवण्याचे कबूल केले आहे, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला ते कानाशी धरून हलवून पाहता येतील.