पायथनचा मराठी एफएक्यू नव्या मुलांपर्यंत पोचवायचा कसा?

फोंड्याची_पायथनवाली:
नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांचा गट आहे. बरीचशी मुलं फर्मागुढीला इंजिनिअरिंग करणारी, काही डिचोली-सत्तरीहून येणारी. नेहमीच्या प्रश्नांचा मराठी एफएक्यू मी सांभाळते. तरी नवी तुकडी आली की ग्रुपवर तेच प्रश्न. ‘इनपुट’ने टाइप केलेले ५ आणि ३ घेतले तर बेरीज ५३ का येते? ०.१ आणि ०.२ मिळवल्यावर नेमके ०.३ का येत नाहीत? मग कोणीतरी ‘एफएक्यू वाच’ म्हणून नुसती लिंक टाकतं आणि ते मूल गप्प होतं, पुन्हा काही विचारतच नाही. मला हे फार लागतं. गावात विचारायला दुसरं कोणी नसतं म्हणून तर ती इथे येतात. त्यांना न दुखावता एफएक्यूकडे कसं वळवायचं?

म्हापशेकर:
आधी उत्तर द्या, लिंक मागाहून. दोन ओळींत सांगा की इनपुट नेहमी स्ट्रिंग (आकडा नव्हे, नुसता मजकूर) देतो, म्हणून ‘५’ला ‘३’ जोडला जातो. इंटमध्ये (पूर्णांकात) बदलून घे. त्याखाली लिंक. उत्तर मिळालेला माणूस लिंक उघडतो.

आणि एफएक्यू लोकांच्या वाटेत ठेवा. सी भाषेचा एफएक्यू १९९० पासून स्टीव्ह समिट यांनी सांभाळला. तो दर महिन्याला यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाव्यवस्थेतल्या गटात पुन्हा टाकला जायचा, शोधत जावं लागत नसे. पर्ल या भाषेचा तर तिच्या कागदपत्रांबरोबरच येतो. ती कागदपत्रं दाखवणाऱ्या ‘पर्लडॉक’ कमांडला ‘क्यू’ लावून शब्द दिला की तो एफएक्यूतल्या प्रश्नांच्या शीर्षकांत शोधतो. उत्तरांत नव्हे, शीर्षकांत! म्हणजे शीर्षक चुकलं की उत्तर असून नसल्यासारखं.

साखळीची_बाई:
शीर्षकांचं अगदी खरं. मी शाळेत शिकवते. तुमच्या यादीत ‘डेटा प्रकारांचे रूपांतर’ अशी नोंद दिसली. माझा एकही विद्यार्थी हे शोधणार नाही. तो विचारतो, ‘बाई, बेरीज न होता आकडे चिकटतात का?’ तेच शीर्षक द्या. एररचा मजकूरही जसाच्या तसा घाला, कारण मुलं तोच कॉपी करून शोधतात.

पेडण्याचा_लिनक्सवाला:
ताई, जुनी उत्तरंही बघा. तुमच्याकडे पायथनची पॅकेजेस बसवायला अजून ‘सुडो पिप इन्स्टॉल’ लिहिलंय. उबुंटू २४.०४ या लिनक्सवर ते ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडतं. सिस्टीमचा पायथन बिघडू नये म्हणून तो अडसर मुद्दाम घातलाय. अडसर ओलांडणारा ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्याय लावून पुढे जा असं कृपा करून लिहू नका. आधी उबुंटूच्याच एप्ट कमांडने ‘पायथन३-व्हेनव्ह’ घ्यायचं, मग प्रोजेक्टच्या फोल्डरात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन) करायचं आणि ते चालू करून त्यातच पिप वापरायचं. प्रत्येक नोंदीखाली कुठल्या आवृत्तीवर आणि कधी तपासलं ते लिहा. तारीख नसलेल्या उत्तरावर माझा तरी भरवसा बसत नाही.

फोंड्याची_पायथनवाली:
देव बरें करूं सगळ्यांचं! पिपची नोंद आत्ताच काढली, उद्या नव्याने लिहीन. बाई, शीर्षकं मी एकटीने बदलणार नाही. ग्रुपवर मुलांनी प्रश्न जसे टाकलेत तसेच उचलते, हवं तर ‘सर, एरर येता’ इथपासून. दर सोमवारी एक नोंद उत्तरासकट ग्रुपवर टाकू, नुसती लिंक नको. आणि ज्याची शंका सुटली त्यानेच ती नोंद आपल्या शब्दांत तपासून द्यावी, असंही ठरवतेय. आठवड्यापूर्वी अडलेल्याला नेमकं कुठे अडलं ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

एक मदत हवी. माझ्याकडे फक्त उबुंटू आहे, पण बहुतेक मुलांकडे विंडोज. इन्स्टॉल करताना पाथच्या (विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतो त्या यादीच्या) चौकटीत टिक करायची राहते आणि मग कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही, ही नोंद सगळ्यात आधी हवी. विंडोज ११ वर पायरीपायरीने करून बघणारं कोणी आहे का?