साहेबाचे ओटे आणि फॉरवर्डातला हेलियम

काळी दुर्बीण:
काल या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, "18 ऑगस्ट 1868 ला लॉकियरने विजयदुर्गावरून ग्रहण पाहिलं आणि जगाला हेलियम मिळाला. शेअर करा." दरवर्षीचा ताप! खग्रासचा पट्टा आपल्यावरून गेला, मान्य. पण लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, तेव्हा इंग्लंडात होता. भारतात ते ग्रहण बघायला गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. लॉकियरने 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात सोडियमच्या जोडरेषांशेजारची पिवळी रेषा टिपली, तीच पुढे हेलियमची ठरली. विजयदुर्गावर तो आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रासला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेने हेलियम पृथ्वीवर शोधून तीन वर्षं होत आली होती.

गिर्येकर:
तुका कोणी सांगल्यान? लॉकियरसाहेबाच्या दुर्बिणी मांडायचे ते साहेबाचे ओटे आजही किल्ल्यावर आहेत, आजोबा हाताला धरून दाखवायचे. कोकणाचं काही म्हटलं की पुण्यात पोटात दुखतं. परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात, तेव्हा कुठे जातात हे अभ्यासक?

काळी दुर्बीण:
आंबा कुठून आला मध्येच? ओटे नाहीत असं कोण म्हणालं? 1898 च्या मुक्कामाचे म्हणा, लगेच पटेल. आणि ऑगस्टात आपल्याकडे आभाळ कसं असतं ते गिर्येकरांना मी सांगायचं? घाटापलीकडे जमखंडीला लेफ्टनंट हर्शल तेच ग्रहण बघायला बसला होता, त्यालाही ढगांनी छळलं.

सासुरवाशीण:
ओट्यांचं चालू द्या. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी कंकणाकृती केरळात होतं, आपल्याकडे खंडग्रास. मी पोटुशी, म्हणून सासूबाईंनी माजघरात कोंडलं. विळी बघायची नाही, सुई धरायची नाही. बाहेर खळ्यात कलमाच्या सावलीत पानापानांतून सूर्याच्या कोरी पडल्या होत्या, सारवलेल्या जमिनीवर नुसता सडा. दिरांनी फोटो काढला तो संध्याकाळी बघितला.

चाकरमानी:
वहिनी, थोडं ऐकलं तर बिघडलं काय? शास्त्रज्ञ पण चष्मा लावा म्हणतातच ना!

सासुरवाशीण:
चष्मा डोळे जपायला. माजघर काय जपायला? जमिनीवरच्या कोरी बघायला तर चष्माही लागत नाही. भावोजी, उद्या तुम्ही बसा तीन तास, पाणीसुद्धा न पिता.

चाकरमानी:
आमच्या आईने सगळं पाळलं, आम्ही चौघं धडधाकट.

सासुरवाशीण:
माझ्या आईने काहीच पाळलं नाही. 1980 चं खग्रास अंकोल्याकडून गेलं, तेव्हा मी पोटात आणि ती भर दुपारी मागीलदारी मासे कापत होती. मीही धडधाकट, तोंडासकट. झाली बरोबरी? पाण्यात तुळशीपत्र टाका, हवं तर दोन जास्त टाका. त्याला माझी हरकत नाही.

काळी दुर्बीण:
विषय हेलियमचा होता.

गिर्येकर:
घ्या, 1898 घ्या! ओटे साहेबाचेच निघाले ना शेवटी? हेलियम दिन मात्र आम्ही 18 ऑगस्टलाच करणार, किल्ल्यावर, भर पावसात. यायचं तर छत्री आणा, भाषण नको.