सिव्ह 5: कापूस विकून शेजाऱ्याचा खजिना रिकामा कसा करायचा? रोख का मिळत नाही?

वर्धाकाठ

गेम सिव्हिलायझेशन 5, ब्रेव्ह न्यू वर्ल्ड या विस्तारासकट. एम्परर ही अवघड पातळी, स्टँडर्ड वेग, पँजिया नकाशा, आठ देश. गावात नेटचा भरवसा नाही, त्यामुळे ऑनलाइन नाही, सगळे प्रतिस्पर्धी संगणकाचेच.

आता टर्न 62. राजधानीभोवती तीन कापूस आणि दुसऱ्या शहराच्या हद्दीत एक सिट्रस, म्हणजे आपली संत्री. कॅलेंडर हे तंत्र शिकून झालंय, चारही जागी प्लँटेशन उभं आहे. पश्चिमेला शाका, उत्तरेला गांधी, पूर्वेला थिओडोरा. हॅपीनेस अधिक 6.

जुन्या लेखांत सगळीकडे लिहिलंय की जास्तीची लक्झरी (कापूस, संत्र्यासारखा चैनीचा माल) 240 सोन्याला विका. माझ्या डीलच्या स्क्रीनवर रोख सोनं निवडताच येत नाही, कोणाशीच नाही. असं का? दुसरं म्हणजे शाकाचं सैन्य माझ्या सीमेकडे जमायला लागलंय. त्याला दुसऱ्या कोणावर सोडता येईल का? आणि असे सौदे केले की बाकीचे देश बिथरतात का?

धुरा

जुने लेख 2013 च्या आधीच्या आवृत्तीवर लिहिलेले आहेत. तेव्हा एक मोठं भोक होतं. एआयकडून, म्हणजे संगणकाच्या खेळाडूकडून, रोख रक्कम घ्यायची, बदल्यात तीस टर्न हप्ता द्यायचं कबूल करायचं आणि पुढच्याच टर्नला युद्ध पुकारायचं. युद्ध लागलं की सगळे करार रद्द, हप्ते बुडाले, रोख आपल्या खिशात. ब्रेव्ह न्यू वर्ल्डमध्ये ते बुजवलं. आता रोख फक्त त्याच देशाशी, ज्याच्याशी मैत्रीची जाहीर घोषणा झालेली आहे. बाकी सगळ्यांशी चुकारा हप्त्यानेच, म्हणजे दर टर्न सोनं, ज्याला आपण जीपीटी म्हणतो.

पण हप्त्यातही भरपूर कमाई आहे. तुमच्याच पटावर सांगतो.

थिओडोराची स्क्रीन उघडा. तिच्या बाजूला सोन्याच्या ओळीत शिल्लक किती आणि दर टर्न आवक किती, दोन्ही दिसतं. तुमच्या बाजूने एक कापूस टाका. "याचं काय द्याल" हे बटण लगेच दाबू नका. ते दाबलं की ती स्वतःच्या सोयीचं काहीतरी पुढे करते, बऱ्याचदा आपल्याला नको असलेली वस्तू. त्यापेक्षा तिच्या बाजूला दर टर्न सोनं घ्या, हाताने 7 लिहा आणि प्रस्ताव पाठवा. नाही म्हणाली तर 6. साधारण तटस्थ असलेला एआय सहा-सातला तयार होतो. सावध किंवा शत्रुत्वाच्या भावनेत असेल तर भाव चांगलाच पडतो, तिथे विकण्यात अर्थ नाही.

इथेच एआयचं खरं दुबळेपण आहे. तो प्रत्येक वस्तूची आजची किंमत वेगळी काढतो. आपली आवकच 7 आहे आणि ती सगळी चालली, याची त्याला फिकीर नसते. तो शून्यावर येतो, मग त्याला ना सैन्य अपग्रेड करता येतं, ना काही विकत घेता येतं. म्हणजे एका कापसात तुमचे 210 येतात (30 टर्न गुणिले 7) आणि समोरच्याची कुऱ्हाड बोथट होते. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोलाचं आहे असं माझं मत.

काही अटी आहेत. ज्याच्याकडे कापूस आधीच आहे, त्याला तो विकला जात नाही. आवकीपेक्षा जास्त हप्ता कोणी देत नाही. आवक नसेल पण त्याच्याकडे जास्तीचा मसाला किंवा रेशीम असेल तर एकास एक अदलाबदल करा. तटस्थ एआय ती सहसा मान्य करतो आणि तुम्हाला 4 हॅपीनेस मिळतो. एखादं शहर नेमकी तीच लक्झरी मागत असेल तर राजाच्या आनंदाचा उत्सव सुरू होतो आणि त्या शहराची वाढ 25 टक्क्यांनी वाढते.

तीन कापसातले दोन विका, एक ठेवा. संत्रं एकच आहे, तरी तुमचा हॅपीनेस 6 आहे म्हणून तेही विकता येईल, 2 उरेल. मात्र लगेच तिसरं शहर वसवायचं असेल तर विकू नका. शून्याखाली गेलात की शहरांची वाढ पाऊण भागाने घटते, सात सोन्यासाठी तो सौदा महाग आहे.

एक वही जवळ ठेवा: कोणाशी, कोणत्या टर्नला, काय, केवढ्याला. करार आपोआप पुढे चालू राहत नाही. तिसाव्या टर्नला संपला की पुन्हा बोलणी करावी लागतात, आणि तोवर समोरच्याची आवक वाढलेली असते किंवा दुसऱ्याने खाल्लेली असते.

मेळघाट

शाकाबद्दल मी सांगतो, कारण तिथे घाई आहे. सिव्हिल सर्व्हिस हे तंत्र लागलं की त्याला इम्पी हे भालेवाले सैनिक मिळतात आणि इम्पीला लोखंडही लागत नाही. त्याआधीच त्याचं तोंड दुसरीकडे वळवा.

डीलच्या स्क्रीनवर त्याच्या बाजूला इतर खेळाडूंची यादी असते, त्यात "युद्ध पुकारा" आणि पुढे देशाचं नाव. ज्याला तो अजून भेटलेला नाही, ज्याच्याशी त्याची मैत्री आहे किंवा नुकताच तह झालाय, ते नाव उपलब्ध नसतं. काही नावांवर तो कितीही दिलं तरी नाहीच म्हणतो. तिथे वेळ घालवू नका, पुढचं नाव पाहा.

किंमत ठरलेली नसते. एक कापूस टाका, त्यावर दर टर्न 2, मग 3, असं चढत जा. आणि इथे कधीही रोख देऊ नका, मैत्री असली तरी. धुरा यांनी सांगितलेला नियम इथे आपल्या बाजूने फिरतो: हप्त्याने दिलं आणि उद्या शाका आपल्यावरच उलटला, तर उरलेले हप्ते तिथेच थांबतात. रोख दिलं तर गेलं. घोडे आणि लोखंड देऊ नका, ते आपल्याच वेशीवर परत येतात.

कोणावर सोडायचं हा निवाडा महत्त्वाचा. ज्याच्याशी त्याचा धुरा (सीमा) लागून आहे असाच शेजारी निवडा. दूरच्यावर सोडलं तर त्याची फौज अर्ध्या वाटेत भटकते आणि परत तुमच्या सीमेवर येऊन बसते. अगदी दुबळ्यावर सोडलं तर तो दोन-तीन शहरं गिळतो आणि टर्न 110 पर्यंत तुमच्यापुढे दुप्पट मोठा शाका उभा राहतो. बरोबरीचा हवा, डोंगर किंवा नदीआड शहरं असलेला. आणि तुमचं गिऱ्हाईक नको. थिओडोरा दर टर्न 7 देत असेल आणि ती नकाशावरून पुसली गेली, तर तुमचा चुकारा तिच्यासोबत बुडाला.

तरी राजधानीत दोन तिरंदाज आणि भिंत ठेवाच. एआय एका वेळी दोन युद्धं लढू शकतो.

झाडीपट्टी

दोघायनं बराबर सांगतलं. मी फक्त तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो, बिथरण्याचं.

विकल्यानं कोणी बिथरत नाई. उलट व्यापार चालू असला का संबंध सुधरतात. बिथरतात ते मैत्रीच्या घोषणेवरून. तुमी ज्याच्याशी दोस्ती जाहीर केली त्याले बाकीचे शिव्या देत असतील, तर तुमच्या नावापुढंही नाराजीची लाल ओळ लागते. म्हणून घोषणा करायच्या अगोदर डिप्लोमसीच्या पानावर जागतिक राजकारणाचा टॅब उघडून पाहजा, कोण कोणाले निंदून रायला. ज्याचे दोस्त जास्त, त्याच्याशीच जोडी करजा. घोषणा 50 टर्न चालते, निंदाही तेवढीच, म्हणून चूक लय दिवस भोवते.

दुसरं. एखादा एआय येऊन म्हणतो, चला मिळून अमक्यावर जाऊ. "10 टर्न द्या" हे उत्तर तवाच देजा जवा खरंच जायचं असन. वचन मोडलं का तो ध्यानात ठेवते. नसन जायचं तर सरळ नाई म्हणा, त्यात नुकसान कमी.

आणि गावात लाइन (वीज) जाते त्याचं. गेम ऑप्शनमध्ये ऑटोसेव्ह दर 10 टर्नले असते, ते 1 वर आणा. लॅपटॉप जुना असन तर लीडर सीनची क्वालिटी सगळ्यात खाली करा. मंग राजाचं हलतं चित्र येत नाई, स्थिर फोटो येते, अन् सौद्याची स्क्रीन पटकन उघडते. सात देशायशी बोलाचं म्हणजे हे लय कामाचं हाये.

वर्धाकाठ

तिघांचेही आभार. थिओडोराने 7 नाकारले, 6 ला घेतला. शाकाने थिओडोरावर जायला नकार दिला, पण तिच्यापलीकडच्या अलेक्झांडरवर एक कापूस अधिक 3 मध्ये तयार झाला, सैन्य हललं. आता दोन अडचणी. टर्न 71 ला थिओडोराचे 6 अचानक बंद झाले, युद्ध नाही, काही नाही. आणि गांधींनी मैत्रीची घोषणा मान्य केली, पण त्यांच्याकडे 180 च सोनं आहे. 240 जमेपर्यंत थांबू का?

धुरा

कापसाच्या तिन्ही जागा नकाशावर नीट पाहा. त्यातली दोन प्लँटेशनं रानटी टोळीने लुटली असतील, तिथे धूर आणि मोडकी खूण दिसेल. तीनपैकी एक थिओडोराला, एक शाकाला, एक तुमचा. एक लुटलं तर तुमचा वाटा जातो, दोन लुटली की दोन्ही सौद्यांना माल पुरत नाही, आणि कबूल केलेला माल देता आला नाही की करार तिथेच तुटतो. पहिलं काम म्हणजे शाकाचा सौदा टिकून आहे का ते तपासा. मग कामगाराला त्या जागांवर नेऊन दुरुस्ती करा, एकेकीला 3 टर्न लागतात. एखादी जागा राजधानीपासून लांब असेल तर एक योद्धा तिथेच उभा ठेवा. दुरुस्तीनंतर थिओडोराला नव्याने विका, तीस टर्नही नव्याने मोजले जातील.

गांधींसाठी थांबू नका. थांबलात तर ते 180 कुठल्यातरी इमारतीवर खर्च होतील. संत्रं टाका, त्यांच्या बाजूला रोख 180 आणि जोडीला दर टर्न 2 लिहा. नाही म्हणाले तर 1 करून पुन्हा पाठवा. आणि हे आजच्याच टर्नला करा, टर्न संपवायच्या आधी.