भाच्याला सोनारकामाला लावू का? माझं मत: नको

चिराबाजारचा_पोरगा
भाचा बारावी झाला, डोंबिवलीला राहतो, हात चांगलाय, म्हणतो दागिने घडवायला शिकतो. बहीण मला विचारते कारण आमचे बाबा झवेरी बाजारात कारागीर होते. मी सरळ नको म्हणालो. मजुरी ग्रॅमवर मिळते हो, आणि २०२५ ला सोनं तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, लाखाच्या वर गेलं, गिऱ्हाईकाचं बजेट तेवढंच, मग तीन तोळ्यांच्या पाटल्या दीड तोळ्यात भागवतात. कष्ट तेवढेच, उलट पातळ पत्रा सांभाळायला जास्त, मजुरी मात्र अर्धी. वर घट आहेच, म्हणजे घासताना-कापताना उडून जाणारं सोनं. लाखाच्या भावाने एक मिलिग्रॅम म्हणजे दहा रुपये. बाबा मांडीवर चामडं पसरून कानशीचा भुगा झेलायचे, उठताना नखंसुद्धा ब्रशने झाडायचे, तरी पन्नास मिलिग्रॅम कमी भरलं की मालक मजुरीतून कापायचा. लाखाच्या भावाने तेवढ्याचेच पाचशे होतात.

सेटिंगवाली
दादा, तुम्ही काळबादेवीच्या पोटमाळ्यावरून सगळी लाईन बघताय. मी सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीच्या एक्स्पोर्ट झोनमध्ये, अकरा वर्षं सेटर आहे, दागिन्यात हिरे बसवते, महिन्याला पगार, पीएफ, ग्रॅमचा काही संबंध नाही. लोकांना वाटतं मशीन आलं म्हणजे हात गेला. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाईन, मग मेणाचे पीस झाडासारखे लावून कास्टिंग, म्हणजे साच्यात सोनं ओतणं, इथपर्यंत मशीन, कबूल. पण झाडावरून कापल्यावर पीस बघा, खरखरीत असतो, फायलिंग, सेटिंग, पॉलिश सगळं माणूसच करतो. एक मिलिमीटरचा हिरा मायक्रोस्कोपखाली बसवायला चांगला सेटर शोधून मिळत नाही.

ठाणे_लोकल
ताई, पगाराचं ठीके पण ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा काय झालं तेही सांगा की. आमच्या बिल्डिंगमधला एकजण तिथेच एका युनिटमध्ये, आधी ओव्हरटाइम बंद, मग आठवड्यातून चार दिवस काम. एका देशाच्या ऑर्डरवर घर चालवायचं म्हणजे कठीणच.

सेटिंगवाली
हो, ते दिवस वाईटच गेले, आमच्याकडेही ओव्हरटाइम गेला. पण सेटरला शेवटी काढतात, आधी हेल्पर जातात.

जुनाखोड
टॅरिफचं काय घेऊन बसलात. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. एका रात्रीत सोनार रिकामे, आमच्या आळीत दोघांनी भाजीची गाडी लावली. नियंत्रण पूर्ण उठलं ते १९९० ला. तरी धंदा राहिलाच ना? भाच्याला शिकू द्या, पण मालकाच्या भरवशावर नको.

कॅडवाला
मी म्हणतो फुंकणी-भट्टीत जायचंच कशाला, तेजाबाचा धूर छातीत, चाळिशीत चष्मा. सहा महिन्यांत कॅड शिकेल, एसीत बसेल.

सेटिंगवाली
तुम्हा कॅडवाल्यांना हात माहीत नसतो तीच तर बोंब आहे. स्क्रीनवर प्रॉंग, म्हणजे हिरा धरणारे दात, एवढे नाजूक देता की कास्टिंगमध्ये भरतच नाहीत, मग शिव्या आम्ही खायच्या. वर्षभर बाकड्यावर बसलेला पोरगा कॅडला गेला तर त्याला दोन पैसे जास्तच मिळतील.

चिराबाजारचा_पोरगा
बाकड्यावर बसायचं कुठे पण? झवेरी बाजारात बहुतेक बंगाली कारागीर, जिथे काम तिथेच जेवण नि झोप, रात्री अकरापर्यंत बसतात. आमचा पोरगा ९:५२ ची लोकल पकडून येणार नि सातला बॅग उचलणार. मालक कोणाला ठेवेल?

नथवाली_आत्या
मग बाजारात जातो कशाला? माझं दादरला रिपेअरिंगचं छोटं काउंटर आहे, नवरा करतो. सोनं महाग झाल्यापासून लोक नवीन घेत नाहीत, जुनंच नीट करतात, आमचं काम वाढलंय. लेझर मशीन घेतलं. आधी नथीची तार जोडायची तर सगळे मोती उतरवा, झाळ मारा, परत ओवा, नाहीतर मोती जळायचा. आता मोत्याला लागून जोड मारतो, दहा मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं. आणि हे काम ग्रॅमवर नाही, जोडावर.

ठाणे_लोकल
मशीन लाखांत असेल. पोरगा कुठून आणणार?

नथवाली_आत्या
मशीन कोण घे म्हणतंय, आधी हात बसू दे. आम्हालाच पोरगं हवंय एक. पहिले सहा महिने फक्त चांदी देऊ, सोन्याला हात नाही, आणि स्टायपेंड फार नाही हे आत्ताच सांगते.

चिराबाजारचा_पोरगा
आत्या, घटीचं काय?

नथवाली_आत्या
चांदीत कसली घट मोजायची. सोन्यावर बसला की बघू, पण त्याच्या पगारातून नाही कापणार.

चिराबाजारचा_पोरगा
माझं मत अजून नकोच आहे. पण रविवारी आणतो त्याला, पत्ता मेसेज करा. बहिणीला काही बोलू नका एवढ्यात.