सायक्लॅममधली ‘घाण’
रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींशी औषध-रसायनशास्त्राचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. या पेशी रक्तात आणणाऱ्या प्लेरिक्साफोर या औषधाचंच बघा ना. बेल्जियममधल्या ल्युवेनचे एरिक डी क्लर्क आणि सहकारी एचआयव्हीवर औषध शोधत होते. सायक्लॅम या वलयाकार रेणूच्या एका नमुन्यात गुण दिसला, पण तो सायक्लॅमचा नव्हताच! त्यात चुकून आलेल्या, दोन वलयं जोडलेल्या रेणूचा होता. रसायनवाल्यांनी मधला सांधा बदलून त्याची ताकद कितीतरी वाढवली. एचआयव्हीवर मात्र ते चाललं नाही. गंमत पुढेच आहे. चाचणीतल्या निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्या. या औषधानं सीएक्ससीआर-४ हा ग्राही (पेशीवरचा, संदेश घेणारा रेणू) अडला की अस्थिमज्जेत रुतून बसलेल्या मूळ पेशी सुटून रक्तात येतात. याच कामासाठी २००८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. कातडीखाली सुई, साधारण ११ तासांनी पेशी गोळा करायला सुरुवात.