मदत हवी आहे: वर्षात पाचव्यांदा यीस्ट इन्फेक्शन. खरंच ‘इम्युनिटी’ कमी आहे का?

रंकाळा_काठ:
जाऊबाईंसाठी विचारतेय. वय 46, कोल्हापूर. खाज, आग, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं. दर वेळी फ्लुकोनाझोल 150 ची (बुरशीवरची) एक गोळी, आठ-दहा दिवस बरं, की पुन्हा सुरू. आता रक्तात ‘कॅन्डिडा आयजीजी पॉझिटिव्ह’ (म्हणजे या यीस्ट बुरशीविरुद्धची अँटिबॉडी) आलंय आणि इम्युनिटी वाढवायची पावडर घ्यायला सांगितलीय. शुगर आहे, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी) 7.4. गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन. प्रतिकारशक्तीची आणखी कुठली तपासणी करावी?

कव्हरस्लिप:
ताई, आयजीजी बाजूला ठेवा. कॅन्डिडा धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात असतेच, त्यामुळे तिच्याविरुद्धची अँटिबॉडी सापडण्यात नवल नाही. त्यावरून आजार ठरत नाही.

आधी योनीतला स्वॅब. त्याआधी आठवडाभर तरी क्रीम, गोळी काही नको, नाहीतर कल्चर कोरं येतं. स्राव 10 टक्के पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की पेशी विरघळतात आणि बुरशीचे फांद्यांसारखे तंतू उरतात. गोम अशी की कॅन्डिडाच्या ग्लाब्राटा जातीला तंतू फुटतच नाहीत, नुसते बारीक गोल दाणे दिसतात, घाईत सहज निसटतात. म्हणून सॅबूरो माध्यमावर (बुरशी वाढवायचं खाद्य) कल्चर हवंच, आणि फॉर्मवर ‘जात ओळखा, फ्लुकोनाझोल सेन्सिटिव्हिटी करा’ असं लिहून घ्या. नाहीतर ‘कॅन्डिडा ग्रोन’ एवढंच हातात पडतं, त्याचा काय उपयोग? स्रावाचा पीएचही बघायला सांगा. 4.5 च्या वर असेल तर दुसरंच इन्फेक्शन शोधावं लागेल.

तालमीपलीकडचा:
माझं लक्ष डापाग्लिफ्लोझिनवर अडकलं. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून त्या भागात बुरशीला आयतं खाद्य मिळतं. गोळी कधी सुरू झाली आणि पहिलं इन्फेक्शन कधी झालं, दोन्ही तारखा कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवा. मनानं बंद करू नका, हृदय किंवा किडनीसाठीही दिलेली असू शकते. आणि ही गोळी चालू असताना लघवीत साखर दिसणारच, त्यावरून शुगर बिघडली असं समजू नका.

रंकाळा_काठ:
गोळी जानेवारीत सुरू, पहिला त्रास मार्चमध्ये! म्हणजे इम्युनिटीचा काही संबंध नाही?

कव्हरस्लिप:
आहे, पण उलट्या अंगानं. अल्बिकान्स, म्हणजे कॅन्डिडाची नेहमी आढळणारी जात, तंतू काढते तेव्हा कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडते (हे 2016 मध्ये ओळखलं गेलं). त्यानं अस्तराच्या पेशी डिवचल्या जातात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. योनीत मात्र त्यांना बुरशी नीट मारता येत नाही, आग आणि सूज तेवढी वाढवतात. अशा ठिकाणी इम्युनिटी ‘वाढवून’ काय साधणार?

तोंड, नखं, त्वचा इथं राखण करणारी फळी वेगळी: टीएच17 या पांढऱ्या पेशी आणि त्या सोडतात तो आयएल-17 हा संदेश-रेणू. तोंडात पांढरे थर वारंवार येत असतील, लहानपणापासून नखं खराब असतील, सोरायसिससाठी सेक्युकिनुमॅब (आयएल-17 अडवणारं औषध) चालू असेल, तर खोलात जा. एचआयव्ही तपासणी, सीबीसी, आणि लहानपणापासूनचं असेल तर स्टॅट1, कार्ड9 या जनुकांची चाचणी. जाऊबाईंना यातलं काही नसेल तर पैसे वाचवा.

तालमीपलीकडचा:
अल्बिकान्स निघाली तर नेहमीचा कोर्स असा: फ्लुकोनाझोल 150 मिग्रॅ पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, मग आठवड्याला एक, सहा महिने. एका गोळीवर सोडून दिलं की हेच होतं. थांबवल्यावरही निम्म्याहून जास्त जणींना पुन्हा त्रास होतो, हे आधीच माहीत असू द्या. ग्लिमेपिराइडसोबत फ्लुकोनाझोलनं शुगर एकदम उतरू शकते. गोळीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

ग्लाब्राटा निघाली तर 600 मिग्रॅ बोरिक ॲसिडची कॅप्सूल, रोज रात्री योनीत, दोन ते तीन आठवडे, तीही चिठ्ठीवरच. पोटात गेली तर विष आहे. गरोदरपणात नाही. आणि कॅरमची बोरिक पावडर घरी कॅप्सूलमध्ये भरायचा उद्योग कुणी करू नका ओ!

रंकाळा_काठ:
सोमवारी स्वॅब देतोय. मेडिकलमधून आणलेलं एक मलम चालू होतं, क्लोबेटासोल मिसळलेलं.

कव्हरस्लिप:
ते आजच बंद. स्टेरॉइडनं खाज दबते, बुरशी पसरते. आणि मग सोमवार नको, पुढच्या आठवड्यात द्या.